आधी आकाशाकडे बघ

मामांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्रीची पाळी माझ्याकडे होती. भूल उतरली, चार चमचे पेज पोटात गेली, आणि मध्यरात्र उलटल्यावर कधीतरी मामा उठून बसायला लागले. सलाइनच्या स्टँडला ‘सरळ उभा राहा’ म्हणून दरडावू लागले. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेला माणूस. वॉर्डबॉयला हसू आलं, मलाही आलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू जागच्या जागी जिरलं. त्यांना मी दिसतच नव्हतो. दिसत होता त्यांचा थोरला भाऊ, जो जाऊन बरीच वर्षं झाली आणि ज्याच्याशी गावच्या जमिनीवरून बोलणं तुटलं ते तुटलंच. त्या भावाला तोंडावर जे कधी बोलता आलं नव्हतं ते सगळं मामा मला बोलले. आईवरून शिव्या दिल्या. ती आई त्यांचीही आईच, पण तो हिशेब त्या वेळी कोण करणार. हाताची सुई उपसायला लागले तेव्हा मी हात धरला, तर माझ्या मनगटात नखं रुतवली. डॉक्टर येऊन म्हणाले, या वयात ऑपरेशननंतर होतं असं, उतरेल दोन-तीन दिवसांत. फिनेलचा वास, पलीकडच्या खाटेवरचं खोकणं, कॉरिडॉरमधली न विझणारी ट्यूबलाइट. पहाटे कधीतरी त्यांना झोप लागली. सकाळी मामी डबा घेऊन आली तेव्हा मामा अगदी मामा होते. चहा गार झाला म्हणून कुरकुरले. मग कप ठेवता ठेवता सहज विचारावं तसं विचारलं, “रात्री मी काही बोललो का रे?” मी म्हटलं, “छे हो मामा. झोपला होतात.” ते माझ्या मनगटाकडे बघत होते. मी बाही खाली ओढली. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

ते ‘छे हो’ मला अजून टोचतं. चुकलं म्हणून नव्हे. बरोबर होतं की नाही ते ठरवता येत नाही म्हणून.

त्यानंतर मला सारखा कॅडमस आठवत राहिला. प्राचीन ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘बॅके’ नाटकातला म्हातारा, थीब्ज नगरीचा माजी राजा. त्याचा नातू पेन्थियस आता गादीवर आहे आणि मद्य नि उन्माद ज्याच्या नावावर, त्या डायोनायससला देव मानायला तयार नाही. म्हणून हा देव नगरातल्या बायकांना वेड लावून सिथेरॉन डोंगरावर नेतो, आणि पेन्थियसला बाईच्या वेषात त्यांच्यावर पाळत ठेवायला पाठवतो. जाताना पेन्थियसचंही डोकं ठिकाणावर नसतं. त्याला दोन सूर्य दिसतात, दोन थीब्ज दिसतात. डोंगरावर बायका तो बसलाय ते झाडच उपटून त्याला खाली पाडतात आणि हातांनी फाडतात. पहिला हात घालते त्याची आई, अगावे. डोक्यावरचं कापड भिरकावून तो तिला सांगतो, आई, मी तुझा पेन्थियस. तिच्या तोंडाला फेस आलेला, बुबुळं फिरलेली. हे आपल्याला दिसत नाही, निरोप्या येऊन सांगतो. आपल्याला दिसते ती त्यानंतरची अगावे: मुलाचं मुंडकं घेऊन, सिंह मारला म्हणून नाचत नगरात आलेली. बापाला म्हणते, लेकीचं कौतुक कर, मेजवानीला बोलाव सगळ्यांना.

आणि कॅडमस, ज्याने नुकतेच डोंगरावरून नातवाचे तुकडे गोळा करून आणलेत, तो काय करतो? ओरडत नाही. ‘अगं, हे काय केलंस’ असंही लगेच म्हणत नाही. म्हणतो, आधी वर आकाशाकडे बघ. ती बघते. पूर्वीसारखंच दिसतंय, की बदललंय? ती म्हणते, जास्त उजळ दिसतंय, जास्त स्वच्छ. जिवाची ती फडफड अजून आहे का? काय विचारतोस ते कळत नाही, पण मी भानावर येतेय असं वाटतं. माझं ऐकून नीट उत्तर देशील? देईन, पण बाबा, आत्ता आपण काय बोलत होतो ते मी विसरले. मग तो तिला तिचंच आयुष्य विचारतो. लग्न होऊन कुणाच्या घरी गेलीस? एकियॉनच्या. मुलगा कोण झाला? पेन्थियस. मग तुझ्या हातात हे डोकं कुणाचं आहे? सिंहाचं, ती म्हणते, आणि पुढे जोडते, शिकारीला आलेल्या बायका तसं म्हणत होत्या. हे ‘तसं म्हणत होत्या’ वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. तिचा विश्वास आतून पोखरायला लागला आहे आणि ती अजून कडेला लोंबकळते आहे. कॅडमस म्हणतो, नीट बघ, बघायला फार कष्ट नाहीत. आणि ती बघते.

मानसोपचार जाणणाऱ्यांनीही या प्रश्नांच्या क्रमावर लिहिलं आहे, आणि ते साहजिक आहे. आकाश, मग स्वतःचं मन, मग सासर, मग मुलगा, मग हात. दूरून जवळ. पण मला त्यातली हातोटी नंतर दिसते, आधी दिसतो बाप. त्याला माहीत आहे की लेक वेडात राहिली तर सुखात राहील. तो तसं बोलूनही दाखवतो: कळलं तर भयंकर दुःख होईल तुम्हाला; असंच राहिलात तर भाग्य नसलं तरी दुर्भाग्याची जाणीव तरी नसेल. एवढं बोलून झाल्यावरही तो तिला भानावर आणतो. का, ते युरिपिडीस सांगत नाही.

ग्रीक नट मुखवटे घालत, सगळे पुरुष, बोलणारे नट बहुतेक तीनच. तेव्हा अगावेच्या हातातलं मुंडकं म्हणजे बहुधा पेन्थियसचा मुखवटाच असणार, आणि अनेक अभ्यासकांच्या मते दोन्ही भूमिका एकच नट करत असावा. म्हणजे थोड्या वेळापूर्वी जो चेहरा लावून तो बोलला, तोच आता हातात घेऊन उभा. वेडाचा अभिनय म्हटला की आपल्याकडे डोळे गरगरा फिरवणं, केस पिंजारणं, खदाखदा हसणं असा एक ठरलेला साचा आहे; हौशी स्पर्धांमध्ये तो इतक्यांदा पाहिलाय की पडदा उघडताच नट केसांना हात लावतो का याची मी वाट बघतो. अथेन्समध्ये मुखवट्यामुळे डोळे फिरवायची सोयच नव्हती. अ‍ॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर, वसंतातल्या उत्सवात, भर उन्हात हजारो माणसांसमोर खेळ. दिव्यांचे चाळे नाहीत, अंधार नाही. त्यामुळे फिरलेली बुबुळं आणि फेस निरोप्याच्या शब्दांत गेले, आणि रंगभूमीवर उरलं ते वेड उतरल्यानंतरचं सगळं. मला वाटतं हे निव्वळ सोयीपोटी झालेलं नाही. या नाटककारांना खरा रस तिथेच होता. वेडाच्या भरात काय झालं यापेक्षा, झालेलं त्या माणसाला कोण सांगणार आणि कसं.

लहानपणी आजोळच्या देवीच्या जत्रेत बायकांच्या अंगात यायचं. संबळाचा ताल चढायचा, धुपाचा धूर डोळ्यांत जायचा, एखादी केस मोकळे सोडून घुमायला लागायची आणि मग बोलायची. सासूला, दिराला, गावातल्या बड्या माणसांना. एरवी ज्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर हलायचा नाही त्यांना एकेरीत. ती माणसं हात जोडून ऐकायची. थोड्या वेळाने वारं उतरायचं, कुणीतरी पाणी द्यायचं, ती पदर सावरून पोरांना शोधायला निघायची. तू काय बोललीस हे तिला कुणी सांगायचं नाही, तीही विचारायची नाही. तेव्हा वाटायचं, तिला खरंच आठवत नाही. आता इतकी खात्री वाटत नाही. ‘बॅके’तल्या बायकाही घरचे माग आणि धोटे टाकून डोंगरावर गेलेल्या आहेत, हे नाटकात मुद्दाम येतं. फक्त तिथे देव सूड घ्यायला आलेला आहे, आणि वारं उतरल्यावर पाणी द्यायला एक म्हातारा बाप तेवढा आहे.

दुसरा ग्रीक नाटककार सोफोक्लीस, त्याच्या ‘एजॅक्स’मध्ये सांगणारी बायको आहे. एजॅक्स हा ट्रॉयच्या युद्धातला ग्रीक वीर. बायको म्हणजे युद्धात जिंकून आणलेली टेक्मेसा. मेलेल्या अकिलीसची शस्त्रं आपल्याला न मिळता ओडिसियसला मिळाली या अपमानाने पेटून एजॅक्स रात्री आपल्याच सेनापतींना मारायला निघतो. अथीना देवी त्याची नजर भ्रमित करते आणि तो लुटीच्या गुराढोरांवर तुटून पडतो. काही जनावरं बांधून तंबूत आणतो. एका मेंढ्याला ओडिसियस समजून चाबकाने फोडून काढतो. इथे मात्र वेडा माणूस आपल्याला प्रत्यक्ष दिसतो. अथीना त्याला बाहेर बोलावते आणि ओडिसियसला म्हणते, बघ, शत्रूला हसण्याइतकं गोड दुसरं काय असतं? ओडिसियसला हसू येत नाही. तो म्हणतो, माझा वैरी असला तरी मला त्याची कीव येते. त्याच्यात मला माझंच दिसतं. आपण जिवंत माणसं म्हणजे नुसत्या सावल्या. ‘विनाशकाले विपरीतबुद्धी’ हे आपल्याकडे लांबून म्हणायचं वाक्य आहे. त्याच्या जवळपास जाणारं वाक्य ग्रीकांच्या नावावरही खपवलं जातं. पण या नाटकात ते म्हणण्याचा सगळ्यात जास्त हक्क ज्याला होता, तो ते म्हणत नाही.

मग एजॅक्स शुद्धीवर येतो. टेक्मेसा सांगते की तो मेलेल्या जनावरांमध्ये डोकं बडवत, केस उपटत बसला, बराच वेळ गप्प होता. नंतर त्याने तिला धमकावलं: काय झालं ते सगळं सांग. आणि मी घाबरून, ती म्हणते, मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. त्यावर तो असा ओरडला की तसा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. असलं रडणं भेकडांचं, असं तोच सांगत आलेला. टेक्मेसाचं आणखी एक बोलणं माझ्या डोक्यात घर करून आहे. तो वेडात होता तेव्हा त्याला आनंद होता आणि शहाण्या आम्हाला त्रास; आता तो शुद्धीवर आला तर तोही दुःखात, आम्हीही; म्हणजे दुःख दुप्पटच झालं ना? गेल्या काही वर्षांत अमेरिकेत हे नाटक युद्धावरून परतलेले सैनिक आणि त्यांच्या घरच्यांपुढे वाचलं जातं. त्यात नवल काही नाही. सोफोक्लीस स्वतः अथेन्सचा सेनापती राहिलेला, समोरच्या प्रेक्षकांत युद्ध पाहिलेले पुरुष खच्चून भरलेले. टेक्मेसासारख्या बायका त्यांच्या घरी असणारच. एजॅक्स शत्रूकडच्या हेक्टरने भेट दिलेल्या तलवारीवर पडून जीव देतो. टेक्मेसाने सांगितलं नसतं तर वाचला असता का? मला नाही वाटत; मेंढ्या समोरच पडल्या होत्या.

तरी मनगटावरच्या ओरखड्यांवर मी बाही ओढली होती, हे इथे आल्यावर आठवतंच.

ओरेस्टीसला कुणी काही सांगावं लागत नाही, तीच त्याची पंचाईत. एस्किलसने इ.स.पू. 458 मध्ये त्याची गोष्ट मांडली तेव्हा बापाचा जीव घेणाऱ्या आईला मारल्यावर ओरेस्टीसला सूडदेवता दिसतात, भोवतालच्या बायकांना दिसत नाहीत. तुम्हाला दिसत नाहीत, मला दिसतात, असं म्हणत तो पळत सुटतो. पण पुढच्याच नाटकात त्या साक्षात रंगभूमीवर येतात, कोरस म्हणजे नाटकातला गाणारा-नाचणारा समूह बनून. त्यांना पाहून पोरं बेशुद्ध पडली अशी दंतकथाही मागे राहिली. पन्नास वर्षांनी, इ.स.पू. 408 मध्ये, युरिपिडीस तोच ओरेस्टीस घेतो आणि सूडदेवतांना रंगभूमीवर पाऊल ठेवू देत नाही. खाटेवर एक खंगलेला तरुण आणि उशाशी त्याची बहीण इलेक्ट्रा. ती त्याच्या तोंडावरचा फेस पुसते, डोळ्यांवर आलेल्या जटा बाजूला करते. तो म्हणतो मला बसव, मग म्हणतो पुन्हा निजव. आजाऱ्याची शुश्रूषा केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. झटका येतो तेव्हा ती त्याला घट्ट धरते: पडून राहा, तुला दिसतंय असं वाटतं त्यातलं इथे काही नाही. तो तिलाच त्या देवतांपैकी एक समजून हिसडा देतो. चुलता मेनेलॉस विचारतो, तुला झालंय काय, कसला आजार? ओरेस्टीस म्हणतो, समज. मी जे भयंकर केलं ते मला ठाऊक आहे. आणि पुढे एक फार लहानसा संवाद येतो, जो अशा थोर शोकांतिकेत कुणाच्या लक्षातही राहू नये इतका घरगुती आहे. मित्र पायलडीस त्याला आधार द्यायला येतो. ओरेस्टीस म्हणतो, आजारी माणसाला हात लावणं किळसवाणं असतं. पायलडीस म्हणतो, मला नाही, तुला लावणं.

त्याच काळात हिप्पोक्रेटीसच्या परंपरेतला एक वैद्य लिहीत होता की ज्याला लोक ‘पवित्र रोग’ म्हणतात तो अपस्मार इतर रोगांहून जास्त पवित्र वगैरे काही नाही, मूळ मेंदूत आहे. अथेन्सच्या त्या नाट्यगृहाला लागूनच आरोग्यदेव अस्क्लेपियसचं ठाणं वसलं. अ‍ॅरिस्टोफेनिसच्या विनोदी नाटकात कोर्टकचेरीचं वेड लागलेल्या म्हाताऱ्याला मुलगा आधी न्हाऊ घालून शुद्ध करून बघतो, मग कोरिबांटांच्या, म्हणजे ढोलावर नाचणाऱ्या भक्तांच्या, विधीला नेतो, मग अस्क्लेपियसच्या देवळात झोपवतो. म्हातारा पुन्हा पहाटे कोर्टाच्या दारात हजर. म्हणजे दवा, दुवा आणि ढोल तिन्ही करून बघायची रीत तिथेही होती.

सगळ्यात जास्त मी थांबतो तो युरिपिडीसच्याच ‘हेराक्लीस’पाशी. बारा कामं संपवून, पाताळातून जिवंत परतून, घरच्यांना मरणाच्या दारातून सोडवून हा माणूस नुकता कुठे निवांत झालाय, तेवढ्यात त्याच्यावर जन्मापासून डूख धरलेल्या हेरा देवीची दूत आयरिस त्याच्या छतावर येते आणि सोबत साक्षात वेड, लिसा. गंमत म्हणजे त्या सगळ्या देवमंडळीत शहाणं बोलते ती लिसाच. या माणसाने काही वाईट केलेलं नाही, हे करू नका, म्हणून समजावते. आयरिस तिला फटकारते की हेराने तुला शहाणपणा करायला पाठवलेलं नाही. तेव्हा ती सूर्याला साक्षी ठेवून सांगते, मी हे मनाविरुद्ध करते आहे. आणि आत जाते. पुढचं निरोप्या सांगतो. हेराक्लीस घरातल्या घरात रथ हाकायला लागतो. नसलेला रथ. मग मुक्काम आला म्हणून जमिनीवर बसून जेवायची तयारी करतो, कुणाशीच कुस्ती खेळतो आणि स्वतःला विजयी घोषित करतो. नोकर एकमेकांकडे बघतात. त्यांना हसूही येतं आणि भीतीही वाटते. मालक आपली थट्टा करतायत, की वेड लागलंय? हे मी पूर्वीही वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो. सलाइनच्या स्टँडला दरडावणारे मामा पाहिल्यावर कळलं की युरिपिडीसने हे कुठेतरी, कुणाच्या तरी उशाशी पाहिलेलं असणार. मग हेराक्लीस शत्रूची मुलं समजून आपल्या तिन्ही मुलांना आणि बायकोला मारतो. बापाच्या अंगावर धावून जातो तेव्हा अथीना त्याच्या छातीत धोंडा घालते आणि तो झोपी जातो. मोडक्या खांबाला त्याला बांधून ठेवतात.

जाग येते तेव्हा त्याला कुणी आकाश दाखवावं लागत नाही. तो स्वतःच म्हणतो, आकाश दिसतंय, जमीन दिसतेय, उन्हाची तिरीप दिसतेय. पण मी बांधलेला का आहे, आणि ही प्रेतं कुणाची? मी पुन्हा पाताळात आलो की काय? म्हातारा बाप अँफिट्रिऑन लांबूनच बोलतो. बाप आहे आणि घाबरलेलाही आहे. मुलगा विचारतो, झालंय काय ते अजून सांगत नाहीस. बाप म्हणतो, तुझं डोकं ठिकाणावर असेल तर तुलाच दिसेल. आता तू पाताळाचं वेड घेतलेला नसशील, तर सांगीन. अजून खातरजमा करतोय. मुलगा म्हणतो, मला वेड लागल्याचं आठवत नाही. बाप इतरांना विचारतो, सोडू का याला? आणि सोडतो. मग मुलांची प्रेतं दाखवतो. कुणी मारलं? तू, आणि तुझ्या धनुष्याने, आणि ज्या कुठल्या देवाचा हा दोष असेल त्याने. कॅडमससारखी शिस्त अँफिट्रिऑनकडे नाही. तो चाचरतो, मागे सरतो, कोडी घालतो. मला तो जास्त खरा वाटतो. किंवा असं म्हणू, त्याच्या जागी मी स्वतःला बघू शकतो, कॅडमसच्या जागी नाही.

हेराक्लीसला मरायचं असतं. अथेन्सचा राजा थीसियस येतो, ज्याला त्याने पाताळातून सोडवून आणलेलं. हेराक्लीस तोंडावर वस्त्र ओढून घेतो, माझं पाप तुला लागेल म्हणतो. थीसियस वस्त्र दूर करतो. मित्राचं पाप मित्राला लागत नाही. बराच वाद होतो. शेवटी हेराक्लीस जगायचं ठरवतो आणि अडतो तो धनुष्यापाशी. हे बरोबर घेऊ की टाकू? चालताना बरगडीला आपटत ते म्हणत राहील, आमच्याकडून तू बायको मारलीस, पोरं मारलीस. तरी घेतो, कारण शत्रू टपलेले आहेत, निःशस्त्र मरणं परवडणार नाही. निघताना मुलांकडे पुन्हा पुन्हा वळून बघतो तेव्हा थीसियस त्याला टोमणा मारतो, असा बायकी वागलेला तू शोभत नाहीस. हेराक्लीस फटकन विचारतो, पाताळात होतास तेव्हा तू कसा होतास? थीसियस कबूल करतो, तिथे माझ्याइतका गळपटलेला कुणी नव्हता. आणि या सगळ्याच्या मध्येच हेराक्लीसला एक राहिलेलं काम आठवतं. पाताळातून आणलेला तो तीन तोंडांचा कुत्रा हर्मायनी नावाच्या गावी ठेवलेला आहे, तो अजून आर्गॉसला पोचवायचाय. तेवढ्यासाठी माझ्याबरोबर ये, तो थीसियसला म्हणतो. एकटा असलो तर मुलांच्या दुःखाने मला काही होईल.